सदतिसावा वेढा

मुलांनो, एक करा. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जुळवा आणि समजा की त्या दोन बोटांत तांब्याची तार आहे. केरसुणीच्या काडीएवढी जाड. तुमच्यासमोर लोखंडाचा एक पोकळ नळा आडवा ठेवलाय, हातभर लांब, आणि त्याच्या आतल्या अंगाला खाचा आहेत. तार एका खाचेतून पलीकडे ओवायची, दुसऱ्या खाचेतून अलीकडे ओढून घ्यायची. झाला एक वेढा. असे बासष्ट घालायचे. विहिरीत सोडायची जळालेली मोटर अशी हातानं पुन्हा भरतात. एक वेढा कमी पडला तर मोटर तापते, एक जास्त झाला तर तिच्यात दम राहत नाही. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मोजायचं तोंडानं, ओठांतल्या ओठांत.

आता समजा, तुम्ही एकेचाळिसाव्या वेढ्यावर आहात आणि कोणीतरी विचारलं, चहा घेतेस का. तुम्ही "हो" म्हणालात की आकडा गेला. मग सगळी तार उपसा आणि पुन्हा एकपासून सुरू करा.

म्हणून मंगरूळपीरच्या गफ्फार उस्तादांच्या दुकानात एक रीत होती. मोजणाऱ्याला काहीही विचारलं तरी त्यानं फक्त आकडा म्हणायचा. चहा घेतेस का? एकेचाळीस. विचारणाऱ्यानं काय ते समजायचं आणि बासष्ट होईपर्यंत गप्प बसायचं. उस्ताद तरुणपणी अकोल्याला ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली हे काम शिकले, त्या म्हाताऱ्याची ही रीत. तिच्यापायी गंमतीही व्हायच्या. एकदा ग्यानबा नावाच्या शेतकऱ्यानं दारातूनच विचारलं, "पोरी, माही मोटर कवा भेटन?" वर्षाराणी म्हणाली, "एकोणीस." तो मुकाट्यानं निघून गेला आणि एकोणीस तारखेला ऑटो घेऊन हजर झाला. मोटर तर त्याच संध्याकाळी तयार होती. पंधरा दिवस विहिरीवर हात चोळत बसला म्हणून त्यानं उस्तादांना जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ही वर्षाराणी म्हणजे इंद्रभानची थोरली मुलगी. आयटीआयमध्ये दोन वर्षं इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आणि नंतर घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून उस्तादांच्या दुकानात येऊ लागली. त्या दुकानात मोटर भरायला शिकलेली ती पहिली मुलगी. सुरुवातीला गिऱ्हाईक तिला म्हणायचं, "बाई, कारागिराले बलाव." ती म्हणायची, "बलावलं. काय झालं मोटरीले?"

आणि तिची धाकटी बहीण वैभवी. आठवीत होती. शाळा सुटली की दप्तर पाठीला तसंच ठेवून दुकानात यायची, भरलेल्या तारेवर ओततात त्या वार्निशच्या रिकाम्या डब्यावर बसायची आणि ताईचे ओठ हलताना पाहायची. तिचेही ओठ आपोआप हलायचे. उस्तादांची बायको जैतूनबी मागच्या घरातून दोन पोळ्या आणून द्यायची आणि म्हणायची, "खाय आधी. खाल्ल्यावर बी मोजताच येते."

हे सगळं छान चाललं होतं असं मी तुम्हाला सांगितलं असतं. पण तसं नव्हतं.

शेताशेतांत सौर पंप येऊ लागले होते. उन्हावर चालणारे, निळ्या पाट्यांचे. शेतकऱ्याला त्यात सुखच होतं, दिवसा पाणी मिळत होतं, त्याला कोण नावं ठेवणार. पण त्या पंपाची मोटर बंद पडली तर ती कंपनीचाच माणूस येऊन काढायचा आणि दुसरी बसवायचा. पूर्वी हंगामात आठवड्याला तीस-चाळीस जळक्या मोटरी दुकानासमोर ओळीनं पडलेल्या असायच्या. आता तीन किंवा चार. उस्तादांचा मुलगा जुनैद केव्हाच मोबाइलच्या दुकानात लागला होता. उस्तादांच्या डोळ्यांपुढं तार पुसट व्हायला लागली होती. एक दिवस ते वर्षाराणीला म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालवतो बेटा. मंग शटर टाकतो. तू आपली सोय पाह्य."

सोय म्हणजे दोनच वाटा होत्या. गावातल्या अकरा मुली चाकणला कारखान्यात गेल्या होत्या, तशी बाराव्या मुलीनं जायचं. नाहीतर वाशीमला सौर पंपाची जी कंपनी होती, तिथं अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून लागायचं. एक वर्ष शिकवतात, प्रमाणपत्र देतात आणि मग जिल्ह्यातच पंप दुरुस्तीला ठेवतात. सहा जागा निघाल्या होत्या. लागली असती तर वर्षाराणी रोज बसनं गेली असती आणि संध्याकाळी घरी आली असती. वैभवीला एवढंच हवं होतं. ताई संध्याकाळी घरी यावी.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. वर्षाराणी म्हणाली, "तूच भर वं. माह्ये हात तारेत हायेत."

वैभवीनं भरला. नाव, जन्मतारीख, आयटीआयचे मार्क. मग एक रकाना आला, यापूर्वी केलेले काम किंवा घेतलेले प्रशिक्षण. वैभवीला त्या रकान्याचा फार आनंद झाला. तिनं ताईला विचारलंसुद्धा नाही. तिनं टाइप केलं: दोन वर्षे चार महिने, गफ्फार उस्ताद यांच्याकडे, सर्व प्रकारच्या मोटरी उत्तम भरता येतात. उत्तम हा शब्द तिनं पुन्हा एकदा तपासला आणि फॉर्म पाठवून दिला.

तुम्हीही तेच केलं असतं. मीसुद्धा.

रोजगार मेळावा वाशीमला एका मंगल कार्यालयात होता. रविवारी काही समारंभ होऊन गेला असावा, कारण स्टेजवर झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली कंपन्यांची टेबलं मांडलेली होती. सौर पंपाच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या. त्यांनी वर्षाराणीचा फॉर्म काढला आणि वाचता वाचता त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"ताई, तुम्ही शिकाऊ उमेदवार म्हणून अर्ज केलाय. पण इथं तर दोन वर्षं चार महिन्यांचा अनुभव लिहिलाय."

"हो," वर्षाराणी म्हणाली.

"मग नाही चालणार. एक वर्षाच्या वर काम केलेलं असेल तर शिकाऊ म्हणून घेता येत नाही. नियम आहे."

"मंग कारागिराच्या जागेवर घ्या. मोटर समोर ठेवा, भरून दाखवतो."

"त्या जागेला शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र लागतं."

वैभवी टेबलाची कडा धरून उभी होती. ती म्हणाली, "पण मॅडम, ताई कामाले नव्हतीच. शिकून राह्यली होती."

"बाळा, काम किंवा प्रशिक्षण. दोन्ही नको."

रांगेत मागं कामरगावचा शिवम उभा होता, वर्षाराणीच्याच आयटीआयचा. तो म्हणाला, "म्हंजे ज्याले काईच येत नाई त्याचाच नंबर लागन? मंग मी तं पह्यला हाओ." रांग हसली. शिवमही हसला, पण त्यानं कोर्स संपल्यापासून टेस्टर हातात धरला नव्हता हे खरंच होतं.

टेबलावरच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली घेतला. "फॉर्ममध्ये चुकून लिहिलं गेलं असेल, तर त्या दुकानदाराचं पत्र आणा. मुलगी आमच्याकडे कधी नव्हती असं. सही-शिक्क्यासह. उद्या अकराच्या आत. मग चाचणीला बसवते."

परतीच्या बसमध्ये वैभवी खिडकीशी बसली होती. सोयाबीन काढून झालेली काळी रानं मागं जात होती. ती म्हणाली, "ताई, मले मार."

"काहून?"

"म्या लिहिलं ना ते."

"खरं तं लिहिलं. खरं लिहिलं म्हून कोणी मारते काय?" वर्षाराणी म्हणाली आणि तिनं बहिणीच्या वेणीची सुटलेली रिबीन पुन्हा बांधून दिली. मुलांनो, चापट खाल्ली असती तर वैभवीला बरं वाटलं असतं.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून दुकानाचं छापील पत्रक काढलं, वरची धूळ फुंकली आणि ते वैभवीपुढं सरकवलं.

"छोटी, तुहं अक्षर चांगलं हाये. लिह्य."

जैतूनबी दारात उभी होती. ती म्हणाली, "लेकराच्या हातानं खोटं काहून लिहवता?"

"माह्या हातानं लिहिलं तं ते वाचन कोण?" उस्ताद म्हणाले. त्यांना उर्दू लिहिता यायचं, मराठी अक्षरं त्यांच्या हातून वाकडीतिकडी पडायची. "लिह्य बेटा. मी लिहून देतो की कुमारी वर्षाराणी इंद्रभान ही माझ्या दुकानात कधीही कामाला नव्हती."

वैभवीनं लिहिलं.

"आणि माझ्याकडे काहीही शिकलेली नाही."

पेन थांबला. वैभवीनं वर पाहिलं. उस्ताद भिंतीकडं पाहत होते. तिथं पाने आणि पक्कड खिळ्यांना टांगलेली होती आणि प्रत्येक खिळ्याभोवती त्या त्या हत्याराचा आकार रंगानं काढलेला होता, म्हणजे एखादं हत्यार नसलं की लगेच कळावं.

"लिह्य," ते पुन्हा म्हणाले. "त्यानं काय मी छोटा होत नाई."

तिनं लिहिलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर तिनं त्या ओळीत काढलं, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. उस्तादांनी खाली उर्दूत सही केली. शिक्क्याची शाई वाळली होती, तर त्यावर दोनदा हाः करून वाफ दिली आणि शिक्का दाबला.

मग ते वर्षाराणीकडं वळले. "उद्या तुले तारेचे वेढे घालाले लावतीन. हात स्थिर हाये का ते पाह्याची असते ती चाचणी. साफ नोको करजो. वेढा तिरपा जाऊ दे, एकावर एक चढू दे. काही येत नाई असं दिसलं पायजे. नवख्याचे तसेच पडतात, आन त्याईले नवखेच पायजेत."

"हात आयकन काय उस्ताद?"

"आयकाव लागन."

दुसऱ्या दिवशीही वैभवीनं शाळा बुडवली. पत्र घेऊन दोघी अकराच्या आत पोचल्या. बाईंनी पत्र फाइलला लावलं आणि वर्षाराणीला आतल्या खोलीत बसवलं. खोलीचं दार उघडंच होतं. वैभवी चौकटीला टेकून उभी राहिली. आत बारा जण बसले होते. प्रत्येकापुढं एक लाकडी फिरकी आणि तारेचं बंडल. पन्नास वेढे घालायचे, शेजारी शेजारी, एकही दुसऱ्यावर चढू न देता.

चाचणी घ्यायला कंपनीचे फुलचंद सर अकोल्याहून आले होते. पन्नाशीचे, केस पिकलेले. वैभवीचं लक्ष आधी त्यांच्या बोटांकडं गेलं. बोटांची टोकं तपकिरी होती. वार्निशचा तो रंग साबणानं जात नाही. अशी बोटं तिनं आजवर एकाच माणसाची पाहिली होती.

वर्षाराणीनं सुरुवात केली. पहिला वेढा तिरपा घातला. दुसरा त्याच्यावर चढवला. तिचं तोंड असं झालं होतं, जणू कोणी तिला स्वच्छ उंबऱ्यावर चिखलाचे पाय द्यायला सांगितलंय. दहा झाले, वीस झाले, सगळे वेडेवाकडे. पलीकडं शिवमची फिरकी हातातून निसटून टेबलाखाली गेली. तो वाकून शोधू लागला. वैभवीला वाटलं, जमलं. ताईला काहीच येत नाही असं दिसतंय.

पण हात हा इमानी प्राणी आहे. त्याला किती वेळ खोटं बोलायला लावणार? तिशीच्या पुढं वर्षाराणीचे ओठ हलू लागले. तार सरळ बसू लागली. एकाला लागून एक, एकाला लागून एक, जोंधळ्याच्या कणसात दाणे असतात तसे. तिला स्वतःला ते कळलंच नाही. आणि नेमके तेव्हाच फुलचंद सर तिच्याजवळ येऊन थांबले आणि सहज म्हणाले, "कोणतं गाव, बाई?"

"सदतीस," वर्षाराणी म्हणाली.

खोली हसली. टेबलाखालून शिवमचा आवाज आला, "गाव नाई सर, ते गट नंबर सांगून राह्यली."

फुलचंद सर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. ते तिथंच उभे राहिले, गप्प, हात मागं बांधून. अडतीस, एकोणचाळीस. पन्नासावा वेढा बसेपर्यंत ते उभे होते. वैभवीनं चौकट घट्ट धरली, कारण असं थांबायचं असतं हे बाहेरच्या कुणालाच माहीत नसतं.

तार तोडल्यावर वर्षाराणीनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोणाच्या दुकानात शिकलीस?" सरांनी हळू विचारलं.

"कोणाच्याच नाई."

सर टेबलाकडं गेले, फाइल उघडली, पत्र वाचलं. खालच्या सहीवर त्यांनी तपकिरी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. मग त्यांनी वर्षाराणीला दाराशी बोलावलं, इतरांना ऐकू जाणार नाही असं. वैभवी तिथंच होती.

"गफ्फारनं सही केली ह्याच्यावर?"

वर्षाराणी पत्रावरच्या शिक्क्याकडं पाहू लागली.

"आमी दोघं एकाच म्हाताऱ्याजवळ शिकलो. तो भिंतीकडं बसे, मी दाराकडं. आकडा सांगून उत्तर द्याची रीत त्या दुकानाबाहेर कुठंच नाई." त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "बेटा, ह्या सगळ्याईत मोटर खोलता येईन अशी तू एकटी हायेस. हे मले दिसून राह्यलं. पण तू शिकलेली हायेस हे मी आता पाह्यलं, आन तू शिकली नाई असं ह्या कागदावर लिहिलं हाये. मी ह्याच्यावर सही केली आन उद्या कोणी इचारलं, तं मी बी कंत्राटावरच हाओ."

"सर, एक वर्ष काहीच येत नाई असं वागतो मी," वर्षाराणी म्हणाली. "झाडू मारतो. पाट्या पुसतो."

"वागवलं जाणार नाई तुह्याच्यानं. सदतीसलेच सुटलं ना."

त्यांनी तिच्या नावापुढं फुली मारली. पत्र मात्र फाइलमध्ये ठेवलं नाही, परत तिच्या हातात दिलं. जाताना म्हणाले, "गफ्फारले माहा सलाम सांगजो."

शिवमची निवड झाली. तो बाहेर आला, वर्षाराणीपुढं उभा राहिला आणि खाली पाहू लागला. "तुले मोटरीचं काही अडलं तं फोन करजो," वर्षाराणीच त्याला म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. म्हणून तो आणखी खाली पाहू लागला.

नवव्या दिवशी वर्षाराणी चाकणला गेली. इंद्रभाननं तिची पेटी ट्रॅव्हल्सच्या टपावर चढवून दिली आणि दोरी तीनतीनदा तपासली. चाकणच्या कारखान्यात तिला कोणी अनुभव विचारला नाही. हेल्पर म्हणून घेतलं. दिवसभर एका पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि पुढं येणाऱ्या प्रत्येक वायरला एक क्लिप लावायची. वर्ष झालं की जुन्या मुली घरी पाठवतात आणि नव्या घेतात, हे अकरा मुलींनी आधीच सांगितलं होतं. पहिल्या रविवारी तिचा फोन आला. वैभवीनं विचारलं, "ताई, तिथं किती वेढे असतात?"

"इथं मोजाव नाई लागत," वर्षाराणी म्हणाली. "मशीन मोजते."

सलाम सांगायचा राहिला होता, कारण चाचणीनंतर वर्षाराणी दुकानाकडं फिरकलीच नव्हती. वैभवीला दुकानात जायचा धीर होत नव्हता. दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा ती गेली. दुकानात एकच मोटर होती, ग्यानबाची, जुनी, विजेवरची, काळी जळालेली. उस्तादांनी तिच्यातली जळकी तार काढून खाचा घासून ठेवल्या होत्या आणि पुढं काही केलं नव्हतं. तार त्यांना दिसत नव्हती.

वैभवीनं घडलं ते सगळं सांगितलं, सलामही सांगितला. फुलचंद हे नाव ऐकताच उस्तादांनी डोळे मिटले.

"कितव्या वेढ्यावर बोलली?"

"सदतीस."

"मंग पन्नास पुरे केले?"

"केले."

"कसे?"

"तीसपर्यंत तिरपे. मंग सरळ. एकदम सरळ, चाचा."

उस्ताद खालच्या ओठावरून तपकिरी बोट फिरवत राहिले. मग अजान झाली आणि ते उठले. जाताना म्हणाले, "घरी जाय छोटी. परीक्षा जवळ आली तुही. ग्यानबाले सांगतो, मोटर भंगारात देऊन टाक. इथं आता काई शिकण्यासारखं राह्यलं नाई."

ते नमाज पढून परतले तेव्हा शटर अर्धं खाली होतं, त्यांनीच जाताना ओढलं होतं. वाकून आत आले. दप्तर वार्निशच्या डब्यावर ठेवलेलं होतं. वैभवी ताईच्या जागेवर मांडी घालून बसली होती, ग्यानबाची मोटर पुढ्यात, तारेचं बंडल डाव्या गुडघ्यापाशी. तार एका खाचेतून जात होती, दुसऱ्या खाचेतून येत होती. एका जागी ती चढली, तर तिनं तो वेढा सोडवून पुन्हा घातला.

"काय करून राह्यली, पोरी? म्या काय सांगतलं तुले?" उस्ताद म्हणाले. "घरी काहून गेली नाई?"

वैभवीनं मान वर केली नाही. तिनं तार ओढून घेतली, बोटानं दाबून बसवली आणि म्हणाली,

"अठरा."